दोघांचा जॅझ : टेनर सॅक्सोफोन आणि पियानोच्या संध्याकाळीची नोंदवही

७ जुलै, सोमवार

हॉल मिळाला. दादरमधल्या एका संस्थेचा, पहिल्या मजल्यावरचा, १२० खुर्च्यांचा. १३ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी साडेसहा. पितृपक्ष असेल, त्यामुळे लग्न नाही, मुंज नाही, सत्कार नाही. शनिवार असूनही तारीख मोकळी होती आणि भाडंही कमी पडलं. अंकलना फोन केला, तुम्हाला हे दिवस चालतील ना म्हणून. म्हणाले, "बाय, गेलेल्यांची आठवण काढायचे दिवस ना ते? मग बरोबर आहे की. आपण वाजवणार ते सगळे गेलेलेच."

काय करायचंय ते एकदा लिहून ठेवते. टेनर सॅक्सोफोनवर अंकल आणि पियानोवर मी, दोघंच. बास नाही, ड्रम नाहीत, गाणारं कुणी नाही. पहिला भाग ५० मिनिटांचा, दुसरा ४५, मध्ये चहा. माइक शक्यतो नकोच.

आमचा चौघांचा बँड तीन वर्षं चालला. ड्रमर गेल्या वर्षी परदेशी गेला, बासवाल्याला नोकरीतून सुटका होईना. नवे दोघं शोधता आले असते. पण मला बरेच दिवस वाटत होतं की अंकलचा आवाज झांजांच्या आड न जाता लोकांना एकदा ऐकू यावा. अंकल ७१ वर्षांचे आहेत. मडगावकडचे. चर्चच्या शाळेत आधी सोल्फेज, म्हणजे नोटेशन बघून सूर म्हणायला शिकणं, मग व्हायोलिन, सॅक्सोफोन त्यानंतर. विशीत मुंबईत आले, धोबी तलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिले, स्टुडिओंतून वाजवलं. त्यांची फुंक आजही भरदार आहे, पण मोठी वाक्यं ते आता मोजून घेतात. हा कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलायचा नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलंय.

११ जुलै

हॉलचा पियानो पाहिला. अपराइट, जुना, आतून डांबराच्या गोळ्यांचा वास. फोनमधल्या ट्यूनरवर मधला ला (ए) ४३५ हर्ट्झ दाखवतो. सॅक्सोफोन ४४० ला बनलेला. म्हणजे जवळजवळ २० सेंटचा फरक. अर्धस्वर १०० सेंटचा धरला तर त्याचा पाचवा हिस्सा. ऐकणाऱ्याला नेमकं सांगता येणार नाही काय खुपतंय, पण खुपेल.

अंकलनी माउथपीस बाहेर ओढून जुळवून दाखवलं. जुळलं, पण मधल्या सुरांपुरतंच. नळी एका टोकाला लांबवली की आखूड नळीचे सूर जास्त उतरतात आणि लांब नळीचे कमी, मग सप्तकच वाकडं होतं. पियानोलाच वर आणायला हवं. हॉलवाल्यांनी परवानगी दिली, खर्च आमचा.

१८ जुलै

ट्यूनरकाका आले. सकाळी दहा ते दुपारी तीन. मी शेजारी बसून होते.

८८ पट्ट्या, पण तारा जवळजवळ २३०. खर्जात एकेक, दोन-दोन, वर प्रत्येक सुराला तीन. काका तिन्हींतल्या दोन तारा नमद्याच्या पट्टीने दाबून धरतात, एक मिळवतात, मग दुसरी सोडून ती पहिलीशी जुळवतात. दोन तारा जवळ आल्या की मध्ये एक लाट ऐकू येते, वाँव-वाँव-वाँव. ती मंदावत जाते आणि एका क्षणी विरते. पेटीवर हे ऐकायला मिळालं नव्हतं, तिथे सूर ठरूनच येतात. वीसेक सुरांनंतर लाट विरायच्या आधीच माझा श्वास थांबायला लागला.

पावसात साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागचा लाकडी फळा, ओल पिऊन फुगतो, तारांना वर ढकलतो, आणि मधल्या सप्तकांचे सूर सगळ्यात आधी चढतात. म्हणजे हा पियानो चढलेला असूनही ४३५ वर आहे. उन्हाळ्यात आणखी खाली असणार. काका म्हणाले, आज फक्त उचलून ठेवतो, सगळ्या तारांचा एकत्र ताण टनांमध्ये मोजावा लागतो, एकदम नेमकं बसवायला गेलो तर शेवटची तार मिळवेपर्यंत पहिली उतरलेली असते. बारीक काम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

एक अडचण वेगळी. मधल्या सप्तकातली पांढरी चार, म्हणजे एफ, दाबली की वर यायला वेळ घेते. काकांनी पट्टीच बाहेर काढली. पट्टीखालच्या भोकात लोकरी कापडाचं अस्तर असतं, त्यातून पितळी पिन जाते. कापड दमटपणाने फुगून पिनेला धरून बसलेलं. चपट्या पकडीने त्यांनी ते हलक्या हाताने दाबून सैल केलं. "आत्ता सुटली. दमट राहिलं तर परत बसेल." उपाय जुनाच : पियानोच्या पोटात, खालच्या बाजूला ४० वॅटचा तारेचा बल्ब, दिवसरात्र चालू. एलईडी नाही, त्याची ऊब पुरत नाही. लोहार चाळीतून दोन बल्ब आणले, एक लावला. हॉलच्या माणसाला सांगून ठेवलं की तो विझवायचा नाही.

२६ जुलै

पहिला रियाज, माझ्या घरी. एफमधला १२ बारचा ब्लूज (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) आणि बी फ्लॅटमधली एक ३२ बारची जलद चीज. फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि रात्री ऐकलं.

मी प्रत्येक जागा भरत होते. अंकलनी वाक्य संपवलं की माझा उजवा हात लगेच त्याची शेपटी उचलतो. ही माझी १५ वर्षांची सवय. भजनाला, नाट्यपदाला पेटीची साथ करताना गाणारा थांबला की त्याच्या तोंडचे शेवटचे सूर आपण वाजवायचे असतात, भरणा द्यायचा असतो. त्यानेच मैफल उभी राहते. इथे अंकल श्वास घ्यायला थांबतात आणि मी त्यांचंच बोलणं त्यांना परत ऐकवते. दुपारी त्यांनी तेच सांगितलं होतं. "माझं वाक्य मलाच काय सांगतेस? तू तुझं बोल. नाहीतर गप्प बस, गप्प बसणं पण वाजवणंच आहे."

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. बँडमध्ये कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचा, मूळ सूर बासवाला धरायचा, त्यामुळे मी तो सोडून वरचा तिसरा आणि सातवा स्वर वाजवायचे. आता मूळ सूर माझाच. पण चारही मात्रांना चालता खर्ज ठेवला तर उजव्या हाताला काही सुचत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही थकवा येतो. कुठे चालता खर्ज, कुठे एकच खालचा सूर टाकून बाकी मोकळं, कुठे जुन्या पद्धतीने खालचा सूर आणि वरचा कॉर्ड आलटून पालटून, हे चिजेगणिक ठरवायचं.

एक गोष्ट मात्र मला सोपी जाते. ३२ बारचा एक फेरा म्हणजे माझ्यासाठी आवर्तन. पहिले आठ, पुन्हा तेच आठ, मग वेगळे आठ, मग परत पहिले. कुणी कितीही लांब उडी मारली तरी मला सम दिसत असते. अंकल याला 'वरचं टोक' म्हणतात. मी सम म्हणते, आता तेही म्हणतात.

२ ऑगस्ट

लयीचं काम. मेट्रोनोम ६० वर, चीज १२० ची. टकटक पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर धरायची नाही, दुसऱ्या-चौथ्यावर धरायची. समेवर टाळी देत वाढलेल्या हाताला हे पहिली दहा मिनिटं उलटं लागतं, मग झोका मिळतो.

त्यानंतर अंकलनी जुना पाठ काढला. दोघांनी फेरा वाजवत जायचं आणि ठरलेल्या जागी चार बार पूर्ण थांबायचं. मान हलवायची नाही, पायही हलवायचा नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. पाचव्या बारच्या समेवर एकत्र उतरायचं. सोळा मात्रांची शांतता.

दहा वेळा केलं. तीनदा एकत्र आलो. सातपैकी सहा वेळा मी आधी आले. ड्रमर असताना मी लय त्याच्याकडून उसनी घेत होते, हे त्या सहा वेळांत समजलं.

५ ऑगस्ट

यादी. अकरा चिजा. दोन ब्लूज, तीन मध्यम लयीच्या, दोन जलद, एक ब्राझिलियन वळणाची, दोन बॅलड, म्हणजे संथ चिजा, आणि शेवटी एक मांडो, गोव्याचं कोंकणी गाणं. मांडो अंकलच्या आग्रहाने. निरोपाचा आहे, त्यांच्या आईच्या तोंडचा. मी आधी बिचकले, जॅझच्या संध्याकाळी मांडो म्हणून. त्यांनी फक्त पहिल्या आठ बारांना वेगळे कॉर्ड देऊन दाखवले आणि वाद संपला.

बॅलडमध्ये 'बॉडी अँड सोल' घेतलीच आहे. जॉनी ग्रीनची १९३० ची चाल. कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ ला टेनरवर वाजवली आणि मूळ चाल जवळजवळ बाजूला ठेवून दोन फेरे नवंच बांधलं. तेव्हापासून टेनर हातात घेणाऱ्या प्रत्येकाला या वाटेने जावं लागतं. पट्टी डी फ्लॅट, म्हणजे काळी एक. मधले आठ बार आधी पांढरी दोनमध्ये जातात, तिथून पांढरी एकमध्ये, आणि अर्ध्या-अर्ध्या स्वराने घरंगळत परत घरी. पेटीवर पट्टी बदलताना गाणाऱ्याला विचारावं लागतं. इथे आठ बारांत दोनदा घर बदलतं आणि पायाखाली काही हललं असं वाटतही नाही. मला ही चीज मनापासून आवडते.

सादरीकरणाच्या परवान्यासाठी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा, अर्जही आज भरला.

१० ऑगस्ट

चिजांच्या मध्ये बोलायचं किती? अंकल म्हणाले, सगळं मिळून पाच मिनिटं. मग निवडून ठेवलं.

१९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड ताजमध्ये आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, आणि पियानोवर टेडी वेदरफर्ड. त्यांच्याबरोबर आणि त्यांना ऐकत गोव्याची पोरं तयार झाली. नोटेशन वाचायला ती चर्चच्या शाळेतून शिकूनच आली होती. स्विंग कसा चालतो हे मुंबईत कळलं. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांतलेच. पुढे हीच माणसं हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यवृंद बांधून दिले. वेदरफर्ड १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेले.

सॅक्सोफोन-पियानो म्हटलं की आपल्याकडे ब्राझ गोन्साल्विस आणि लुई बँक्स यांचं नाव घ्यायलाच हवं, तेही लिहिलं.

सनी रोलिन्सचं एवढंच सांगणार आहे : १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा जगातला थोर टेनरवाला पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात रंगभवनात वाजवून गेला. त्या रात्री अंकल २४ वर्षांचे होते, मागच्या रांगेत उभे. काय ऐकलंत विचारलं तर सांगत नाहीत. केस उघडून वाजवायला लागतात.

संध्याकाळी दोघांनी मिळून स्टॅन गेट्झ आणि केनी बॅरन यांचं कोपनहेगनचं ध्वनिमुद्रण ऐकलं. मार्च १९९१, काफे मोंमार्त्र, फक्त टेनर आणि पियानो. गेट्झ कर्करोगाने आजारी होते, तीन महिन्यांत गेले. मी वही घेऊन बॅरन कुठे कुठे थांबतो ते टिपत होते. अंकल डोळे मिटून बसले होते. एका जागी गेट्झ दमतात आणि पियानो हळूच पुढे सरकून वाक्य हातात घेतो, तिथे अंकलनी बोट वर केलं. बोलले काही नाहीत.

१९ ऑगस्ट

पाऊस. लोकल बंद. रियाज रद्द. घरी डाव्या हाताचे फेरे, मेट्रोनोमशिवाय.

२३ ऑगस्ट

सॅक्सोफोनलाही पावसाने धरलंय. पितळेचा असला तरी त्याची भोकं चामड्याच्या पॅडनी मिटतात, आणि ती पॅड लाखेने चिकटवलेली असतात. ओल आली की जी शार्पचं पॅड चिकटून बसतं. चावी दाबली तरी भोक उघडत नाही, आणि नेमक्या उतरत्या वाक्यात सूर गायब. अंकल खिशातून दहाची नोट काढतात, पॅडखाली सरकवतात, चावी हलकेच दाबून नोट ओढून घेतात. तीन वेळा. नोट करकरीत नको, वापरलेली हवी. बोरूच्या पट्ट्या, म्हणजे रीड, त्यांनी काचेच्या तुकड्यावर सपाट पसरून ठेवल्यात, वाकू नयेत म्हणून. १० पैकी चार 'बोलतात', त्यांतली एक १३ तारखेसाठी बाजूला काढली आहे आणि तिला ते रोज फक्त पाच मिनिटं वाजवतात.

शांततेचा पाठ : दहापैकी नऊ.

३० ऑगस्ट

गणपती. घरात दीड दिवसाचा होता, विसर्जन झालं. बाहेर मंडळाचा बेंजो. खिडक्या लावून रियाज केला, तरी ढोल येतोच. अंकल म्हणाले चालू ठेव, बाहेरचा ठेका ऐकू येत असताना आपला धरून ठेवता आला तर स्टेजवर काही भीती नाही. तासभर जमलं. मांडो मात्र आज ठेवून दिला, त्याला शांतता लागते.

७ सप्टेंबर

काकांनी बारीक ट्यूनिंग केलं. ४४०. बल्ब चालू होता, आतली लाकडं हाताला कोरडी लागत होती, पांढरी चार मोकळी.

एसीचा हिशेब काकांकडून आणि अंकलकडून समजून घेतला. हॉलवाले २० अंशांवर ठेवतात. थंड हवेत सॅक्सोफोन उतरतो, एका अंशाला साधारण तीन सेंट. पियानोच्या तारा थंडीने आकसून उलट चढतात. म्हणजे दोघं एकमेकांपासून लांब जाणार. ठरवलं : दुपारी चारपासून २५ अंश, आणि कार्यक्रम संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

१२ सप्टेंबर

हॉलमध्ये रंगीत तालीम. अपराइट सरळ ठेवला तर माझी पाठ अंकलकडे येते. तो तिरका केला, इतका की मान न वळवता त्यांचा उजवा खांदा दिसावा. श्वास घेताना तो खांदा किंचित वर येतो. मला तेवढी खूण पुरते. पियानोचा खालचा पुढचा फळा काढून ठेवला, आवाज मोकळा झाला. माइक लागणार नाही. तिकिटं ९६ गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

काल झालं. सकाळीच लिहायला बसलेय.

साडेचारला पोचले तर बल्ब विझलेला. सकाळी कुणीतरी झाडताना प्लग काढला होता. बाहेर दिवसभर पाऊस. पांढरी चार दाबली, वर आली, पण जड. लगेच बल्ब लावला. काकांना फोन केला; ते कल्याणला होते, यायला जमणार नव्हतं. पट्टी काढून स्वतः काही करायचं धाडस केलं नाही. दोन तासांत जेवढी ऊब मिळेल तेवढी मिळो, म्हटलं.

पहिला भाग छान गेला. लोक पावसातून येत होते, छत्र्या बाहेर ठेवून, दुसऱ्या चिजेपर्यंत खुर्च्या भरल्या. ब्लूजमध्ये ठरल्या जागी आम्ही थांबलो. सोळा मात्रा. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस पडत होता तेवढाच आवाज. तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांचा टाळीसाठी उचललेला हात हवेतच राहिला. आम्ही एकत्र उतरलो आणि ते मोठ्याने 'वा' म्हणाले, अगदी गाण्याच्या बैठकीत म्हणतात तसे. अंकल सॅक्सोफोन तोंडात असतानाच हसले, सूर थोडा हलला.

दुसऱ्या भागात बॅलड. पहिल्या फेऱ्याच्या शेवटच्या आठ बारांत एफ खाली गेली ती आलीच नाही. बोटाने उचलली, आली. परत दाबली, परत बसली. डी फ्लॅटचा तिसरा स्वर तो. हा कॉर्ड गोड आहे की उदास, ते त्याच एका सुरावर ठरतं, आणि या चिजेत तो दर दुसऱ्या बारला लागतो. खालच्या सप्तकातला घेतला तर कॉर्ड चिखलात बसतो, वरचा घेतला तर अंकलच्या अंगावर जातो. मी तो सोडला. मूळ सूर आणि सातवा, एवढंच ठेवलं. मध्ये भोक.

दुसऱ्या फेऱ्याच्या दुसऱ्या बारला अंकलनी मान किंचित कलवली. त्यांना ऐकू आलं होतं. पुढच्या डी फ्लॅटवर मी ते भोक सोडलं आणि त्यात त्यांचा एफ आला. त्यांच्या बोटांत तो जी, टेनरवर मधल्या भागात, जिथे त्यांचा आवाज सगळ्यात ऊबदार आहे. जोर नाही, कंप नाही. नुसता माझ्या दोन सुरांच्या मध्ये येऊन बसला. तिथून पुढे ते आपलं वाक्य कुठेही नेत होते, पण तो कॉर्ड आला की एफवर येऊन टेकत होते, आणि मी जागा सोडत होते. दोन महिने मला जे सांगून जमत नव्हतं, ते काल हाताला दुसरा मार्गच नसल्यामुळे झालं. आमच्या कॉर्डचा अर्धा भाग त्यांच्या श्वासात होता. माझे डोळे भरले होते, त्यामुळे मधल्या आठ बारांत पांढरी दोनवर जाताना मी फक्त त्यांचा खांदा बघत होते.

शेवटच्या सुरावर ते थांबले. मी खर्जातला एक डी फ्लॅट ठेवून दिला.

त्यानंतरची जलद चीज मला नीट आठवत नाही. मांडो आठवतो. मागच्या बाजूला चार-पाच जणी होत्या, माहीम-वांद्र्याच्या असाव्यात. तिसऱ्या ओळीपासून त्या हळू आवाजात म्हणू लागल्या. मी डावा हात काढून घेतला, मग उजवाही. अंकलनीही फुंक इतकी बारीक केली की शब्द वर राहिले.

नंतर चहाच्या कपाशी उभं राहून मी म्हटलं, अंकल, तुम्हाला कसं कळलं कुठला सूर गेला ते? म्हणाले, "कळलं नाही. थंडी वाजली तिथे."

१७ सप्टेंबर

काका येऊन गेले. पांढरी चारचं अस्तर बदललं, शेजारच्या तिन्ही पट्ट्यांचंही. बल्बची वायर त्यांनी पियानोच्या मागून नेऊन वेगळ्या सॉकेटला जोडली आणि त्यावर मराठीत कागद चिकटवला. हॉलवाल्यांनी पियानो आता वर्षातून दोनदा मिळवून घ्यायचं कबूल केलंय, एकदा पावसाच्या आधी, एकदा नंतर.

जमाखर्च : हॉलचं भाडं, दोन्ही ट्यूनिंग, परवाना, चहा हे सगळं तिकिटांतून निघालं, वर ४,२०० उरले. अंकल घेईनात. शेवटी त्यातून रीडचा एक डबा घ्यायचं ठरलं, तीन नंबरच्या ऐवजी अडीचच्या. फुंक कमी लागते.

पुढचा रियाज शनिवारी, चार वाजता. त्यांनी एक अट घातलीय : बॅलड पुन्हा वाजवायची, पियानो नीट झालेला असला तरी एफ मी वाजवायचा नाही.